दुसऱ्या पृथ्वीवरचा सुपरमॅन : घरातला की ओसरीवरचा?

रिकामी_चौकट | शुक्रवार, रात्री ११:०४

कपाट आवरताना डीसी कॉमिक्सच्या 'फायनल क्रायसिस' मालिकेचा सातवा अंक हाती लागला आणि आवरणं तिथेच राहिलं. २००९ सालचा अंक. ओबामांचा शपथविधी नुकताच झालेला, आणि इथे पहिल्याच पानांत अमेरिकेचा कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष कॅल्व्हिन एलिस, जो त्याच्या जगातला सुपरमॅनही आहे. लेखक ग्रँट मॉरिसन, चित्रं डग मान्के. तेव्हा वाचताना अंगावर काटा आला होता, आताही आला. पण या वेळी सोबत एक प्रश्न आला.

हा राहतो कुठे? पृथ्वी-२३ वर, म्हणजे डीसीच्या कथांतल्या अनेक समांतर पृथ्व्यांपैकी एकीवर. आपला नेहमीचा क्लार्क केंट आपल्या नेहमीच्या पृथ्वीवर सुखरूप.

मग एकेक आठवत गेले. व्हॅल-झॉड, दुसरा कृष्णवर्णीय सुपरमॅन, २०१४ चा : पृथ्वी-२ वर. माइल्स मोरालेस, कृष्णवर्णीय स्पायडरमॅन, २०११ : मार्व्हलच्या 'अल्टिमेट' या समांतर विश्वात. कृष्णवर्णीय निक फ्युरी, मार्व्हलचा गुप्तहेरप्रमुख : तोही आधी 'अल्टिमेट' मध्येच. म्हणजे गाजलेल्या नायकाला वेगळ्या वंशात जन्माला घालायचं झालं, की प्रकाशक त्याला वेगळी पृथ्वी काढून देतात. स्वागत होतं, पाणी विचारलं जातं, कौतुकही होतं. पण ओसरीवर. माजघरात मूळ पुरुष बसलेलाच असतो.

दुसरी तऱ्हा वारशाची. मूळ नायक मेला, थकला, शक्ती गेली, म्हणून त्याचा पोशाख दुसऱ्या कुणाला. तिथे गडी घरात येतो खरा, पण भाडेकरू म्हणून. मालक परतला की सामान बाहेर.

'हे बदल करावेत की करू नयेत' हे भांडण इथे नको. ते सगळीकडे झालंय आणि दोन्ही बाजूंची वाक्यं पाठ झालीत. मला वाचकांकडून हे हवंय : यातला कोणता बदल कथा म्हणून टिकला आणि का? रंग बदलल्यावर गोष्ट बदलली, असं कुठे झालं?

---

तिरपागडा | शुक्रवार, रात्री ११:३१

भांडण नको म्हणालात म्हणून हळूच काडी टाकतो.

जुन्या देवाला नवा शेंदूर फासायची हौस का? इतकी कळकळ असेल तर नवा देव बसवा. ब्लॅक पँथर १९६६ मध्ये 'फँटॅस्टिक फोर'च्या ५२ व्या अंकात आला तो काही कुणाची कृष्णवर्णीय आवृत्ती म्हणून नाही. स्वतःचं राज्य, स्वतःचा इतिहास. ल्यूक केज १९७२ चा, त्याच्या नावाचं मासिक निघालं. हे जमत होतं ना? मग सुपरमॅनच्या मागे का लागायचं? उसन्या अंगरख्यात कुणीही बेंगरूळच दिसतो.

---

शाईचा_डाग | शनिवार, सकाळी ८:१५

चौकटताई, ओसरीची उपमा आवडली, पण अर्धीच पटली. ओसरीवरचा पाहुणा घरात शिरल्याची निदान दोन उदाहरणं तुमच्याच यादीत आहेत.

निक फ्युरी घ्या. १९६३ चा मूळ फ्युरी गोरा, दुसऱ्या महायुद्धातला सार्जंट. २००१ मध्ये 'अल्टिमेट' विश्वात तो कृष्णवर्णीय झाला, आणि २००२ च्या 'द अल्टिमेट्स' मध्ये ब्रायन हिचने त्याला सरळ सॅम्युएल जॅक्सनचा चेहरा दिला. न विचारता. जॅक्सन स्वतः कॉमिक्स वाचणारा, त्याने तो चेहरा पाहिला, आणि प्रकरण कोर्टात जायच्या ऐवजी २००८ च्या 'आयर्न मॅन'मध्ये शेवटच्या श्रेयनामावलीनंतर तोच माणूस पडद्यावर उभा राहिला. आता गंमत पुढे आहे. जगभर फ्युरी म्हणजे जॅक्सन झाल्यावर मूळ कॉमिक्सचीच पंचाईत झाली. मग २०११-१२ मध्ये त्यांनी गोऱ्या फ्युरीला एक अज्ञात मुलगा काढून दिला, त्याला तसाच दिसायला लावला, डोळाही घालवला आणि नाव दिलं निक फ्युरी ज्युनियर. ओसरीवरच्या माणसासाठी माजघराची भिंत पाडली! (कथा म्हणून ओढूनताणून आहे, ते मान्य.)

माइल्सचंही तेच. ऑगस्ट २०११, 'अल्टिमेट फॉलआउट' अंक ४, ब्रायन मायकेल बेंडिस आणि सारा पिचेली. वडील कृष्णवर्णीय, आई पोर्तो रिकोची, राहणार ब्रुकलिन. पण त्याआधी त्यांनी त्या विश्वातल्या पीटर पार्करला खरोखर मारलं होतं, १६० व्या अंकात, राहत्या घरासमोर, मावशी आणि मैत्रिणींच्या डोळ्यांदेखत. ओसरी म्हणा, पण त्या ओसरीवर मूळ पुरुष मेलेला होता आणि परत येईल अशी आशा फारशी कुणी धरली नव्हती. म्हणून माइल्सच्या खांद्यावरचं ओझं खरं वाटतं. पहिल्याच प्रसंगात तो पीटरचा पोशाख घालून भांडायला उतरतो, आणि खालचे लोक म्हणतात की हे शोभत नाही, त्या पोराला जाऊन किती दिवस झालेत! बाहेरचे वाचक जो आक्षेप घेणार होते तो बेंडिसने आधीच रस्त्यावरच्या माणसाच्या तोंडी घालून ठेवला. नुसती युक्ती नाही ती; सगळी माइल्सची गोष्ट त्याच आक्षेपातून वाढते.

आणि २०१५ च्या 'सिक्रेट वॉर्स' मध्ये अल्टिमेट विश्वच मोडीत निघालं तेव्हा माइल्सला सहकुटुंब मुख्य विश्वात आणलं. मधे मेलेली आईसुद्धा परत मिळाली. आता तिथे पीटरही आहे आणि माइल्सही. दोघेही स्पायडरमॅन.

तेव्हा ओसरी ही चाचणीची जागा असते. पाहुणा लोकांना आवडला तर आत, नाहीतर 'ते वेगळं विश्व होतं हो' म्हणून हात झटकायला मोकळे.

---

रिकामी_चौकट | शनिवार, सकाळी ९:०२

'हात झटकायला मोकळे' हेच तर माझं म्हणणं आहे, शाईभाऊ! तुम्ही मला खोडून काढायला आलात आणि माझंच वाक्य जास्त चांगलं लिहून दिलंत.

---

निशाचर | शनिवार, सकाळी १०:४०

अवांतर, पण माइल्स हा पहिला बिगर-गोरा स्पायडरमॅन असं सर्रास लिहिलं जातं म्हणून सांगतो. मिगेल ओहारा, 'स्पायडरमॅन २०९९', १९९२. आई मेक्सिकन वंशाची, नावावरून कळतंच तसा आयरिश धागाही. पीटर डेव्हिड आणि रिक लिओनार्डी. फक्त त्याला वेगळी पृथ्वी नाही, वेगळं शतक दिलं होतं. ओसरीऐवजी माळा.

दुसरं अवांतर. माइल्सच्या वडिलांचं नाव सुरुवातीला जेफरसन डेव्हिस होतं. हेच नाव गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणेकडच्या राज्यसंघाच्या अध्यक्षाचं! पुढे ते बदलून मोरालेस केलं. संपादकीय टेबलावर त्या इतिहासाशी नातं असलेलं कुणी बसलेलं असतं तर हे नाव पहिल्याच दिवशी अडलं नसतं का?

---

अर्धविराम | शनिवार, दुपारी १:२२

तिरपागडासाहेबांच्या 'नवा देव बसवा' ला उत्तर देतो. प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर कलेत नाही, दुकानदारीत आहे.

अमेरिकेत कॉमिक्सचे सुटे अंक मुख्यतः खास कॉमिक्सच्या दुकानांतून विकले जातात. दुकानदार दोनेक महिने आधी मागणी नोंदवतो आणि न खपलेला माल साधारणपणे परत घेतला जात नाही. म्हणजे पैज दुकानदाराची. ज्या नायकाचं नाव कुणी ऐकलेलं नाही त्याच्या किती प्रती तो मागवेल? पाच? आणि 'स्पायडरमॅन' लिहिलेलं असेल तर? म्हणून नवा माणूस जुन्या नावाच्या दारातून आत आणावा लागतो. अंगरखा उसना असतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याशिवाय कुणी दारात उभं करत नाही. (२०१७ मध्ये मार्व्हलच्या विक्री विभागातले वरिष्ठ अधिकारी 'दुकानदार सांगतात लोकांना विविधता नको' अशा अर्थाचं बोलून बसले आणि कंपनीला सारवासारव करावी लागली. दुकानदार काय मागवतो आणि वाचकाला काय हवंय या दोन गोष्टी एकच समजल्या की असं होतं.)

तरीही नवा देव बसवायचा प्रयत्न झाला, आणि तो मला या सगळ्या विषयातला सर्वांत हुशार प्रयत्न वाटतो. १९९३. ड्वेन मॅकडफी, डेनिस कोवन, मायकेल डेव्हिस आणि डेरेक डिंगल या कृष्णवर्णीय मंडळींनी माइलस्टोन नावाची कंपनी काढली. छपाई-वितरण डीसीकडे, पात्रांची मालकी स्वतःकडे. त्यातला 'आयकॉन' वाचा.

परग्रहावरून एक जीव कोसळतो. साल १८३९, जागा अमेरिकेच्या दक्षिणेतलं कापसाचं शेत. त्याचं यान त्याला पहिल्यांदा सापडणाऱ्या माणसासारखं रूप देतं. पहिल्यांदा सापडते ती एक गुलाम बाई. झालं! कॅन्ससच्या दयाळू शेतकरी जोडप्याऐवजी कापूस वेचणाऱ्या बाईच्या हाती पडलेला सुपरमॅन. नाव कुठेही 'सुपरमॅन' नाही, पण मूळ कथेतला एकच खिळा काढून दुसरीकडे ठोकला आणि सगळी इमारत फिरली. हा माणूस म्हातारा होत नाही, त्यामुळे दीडशे वर्षं स्वतःचाच मुलगा, नातू असल्याचं भासवत जगतो. १९९३ मध्ये तो श्रीमंत वकील आहे, आणि पक्का रूढीवादी. 'मी माझ्या हिमतीवर वर आलो, तुम्हीही या.' त्याच्या घरात चोरी करायला आलेल्या टोळक्यात एक पंधरा वर्षांची मुलगी असते, रॅकेल. तिला कळतं हा उडू शकतो. आणि ती त्याला विचारते की मग तू काहीच का करत नाहीस?

धागाकर्तीने विचारलं ना, रंग बदलल्यावर गोष्ट बदलली असं कुठे झालं? इथे.

माइलस्टोनची कॉमिक्स १९९७ मध्ये बंद पडली. दुकानदारी म्हटलं ना मी.

---

तिरपागडा | शनिवार, दुपारी १:५०

कापसाच्या शेताचं माहीत नव्हतं. वाचून सांगतो. तोवर माझा शेंदूर राखून ठेवतो.

---

चिमणीची_आई | शनिवार, संध्याकाळी ६:१८

मी कॉमिक्सवाली नाही. लेकीमुळे वाचायला लागले. तिच्यामुळे 'मिस मार्व्हल' वाचलं, २०१४ मध्ये सुरू झालेलं, कमला खानचं. लेखिका जी. विलो विल्सन, चित्रकार एड्रियन अल्फोना. आणि मुळात संपादक सना अमानत हिने आपल्या लहानपणच्या हकिकती सांगितल्या त्यातून हे पात्र उगवलं. जर्सी सिटीतली पाकिस्तानी वंशाची मुसलमान मुलगी.

मला त्यातला एक प्रसंग या धाग्यासाठी सांगावासा वाटतो. कमला सुपरहिरोंची वेडी चाहती. तिला शक्ती मिळते तेव्हा तिची इच्छा काय, तर कॅरल डॅनव्हर्ससारखं, म्हणजे मूळ मिस मार्व्हलसारखं व्हायचं : सोनेरी केस, उंच बूट, जुना तोकडा पोशाख. आणि ती तशी होते! शक्तीच रूप बदलायची आहे. म्हणजे तपकिरी मुलगी सुपरहिरो व्हायला आधी गोरी होते. आणि मग तिच्या लक्षात येतं की केस तोंडात जातायत, पोशाख नको तिथे काचतोय. पुढे ती स्वतःच्या बुर्किनीतून पोशाख बनवते आणि स्वतःच्या चेहऱ्याने उभी राहते.

तुम्ही सगळे ज्यावर वाद घालताय तो वाद त्या पोरीने कपडे बदलता बदलता मिटवला, असं मला वाटलं. माझी लेक मात्र तो प्रसंग वाचून नुसती हसत होती, तिला त्यात विशेष काही वाटलं नाही. 'मोठ्यांचे बूट घातले की लागतातच', म्हणाली.

आणि कमला ओसरीवर नव्हती हो! पहिल्या दिवसापासून मुख्य विश्वात. २०१५ चा ह्यूगो पुरस्कारही मिळाला तिच्या पहिल्या पुस्तकाला.

---

शाईचा_डाग | शनिवार, संध्याकाळी ६:४४

वा! आणि कमलाच्या बाबतीत एक सोय झाली होती ती सांगायला हवी. २०१२ मध्ये कॅरल 'कॅप्टन मार्व्हल' झाली, त्यामुळे 'मिस मार्व्हल' हे नाव खुंटीला टांगलेलं होतं. कमलाने कुणाला हाकललं नाही. बढती झालेल्या माणसाची खुर्ची रिकामी होती, ती बसली. मालक परतण्याची भीती नाही.

---

जुना_अंक | रविवार, सकाळी ७:३०

सगळं वाचलं. चांगलं चाललंय. एक राहिलं ते लिहितो. जरा लांबेल.

२००३ मध्ये मार्व्हलने सात अंकांची एक मालिका काढली, 'ट्रूथ : रेड, व्हाइट अँड ब्लॅक'. लेखक रॉबर्ट मोरालेस, चित्रकार काइल बेकर. कल्पना अशी : १९४० च्या दशकात ज्या औषधाने स्टीव्ह रॉजर्सचा कॅप्टन अमेरिका झाला, ते पुन्हा बनवण्यासाठी सैन्याने कुणावर प्रयोग केले असतील? उत्तर सगळ्यांना माहीत होतं, फक्त कुणी छापलं नव्हतं. कृष्णवर्णीय सैनिकांवर. बहुतेक मरतात, शरीरं वेडीवाकडी फुगून. आयझाया ब्रॅडली नावाचा एक उरतो. तो कॅप्टन अमेरिकाचा पोशाख चोरून घालतो, मोहिमेवर जातो, परत आल्यावर त्याच पोशाखापायी तुरुंगात जातो.

हे हवेतून आलेलं नव्हतं. अलाबामातल्या टस्कीगी इथे अमेरिकी सरकारी आरोग्य खात्याने १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं, उपदंश झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना आजाराचं नावही नीट न सांगता नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं. पेनिसिलीन उपलब्ध झाल्यावरही दिलं नाही. मालिकेचं बीज तिथे आहे.

मालिका येण्याआधीच ओरड झाली. 'कॅप्टन अमेरिकाला काळा केला!' खरं म्हणजे केलाच नव्हता. स्टीव्ह होता तिथेच, तसाच गोरा. त्याच्या जन्मकथेतलं दडपलेलं एक पान फक्त पुढे आणलं. शेवटी स्टीव्ह स्वतः शोध घेत आयझायाच्या घरी पोचतो, आणि आयझाया आता बोलूच शकत नाही. औषधाने आणि एकांताने त्याची बुद्धी विझलीय.

बेकरची चित्रं व्यंगचित्रासारखी, गोलमटोल. तेव्हा मला ती खटकली होती, 'इतका भीषण विषय आणि हे काय' असं वाटलं. दहाएक वर्षांनी पुन्हा वाचताना कळलं की त्या हसऱ्या रेषांमुळेच मेलेल्यांची पानं बघवत नाहीत.

चौकटताई, तुमची उपमा वापरून सांगतो. हा पाहुणा ओसरीवर बसला नाही आणि माजघरातही राहायला आला नाही. त्याने येऊन माजघराची फरशी उचकटून दाखवली, खाली काय पुरलंय ते.

---

रिकामी_चौकट | रविवार, सकाळी ८:११

...

जरा वेळाने लिहिते.

---

निशाचर | रविवार, दुपारी १२:०५

जुना_अंक यांच्या प्रतिसादानंतर हलकं काही लिहायचं अवघड, पण भाडेकरूंची यादी कुणीतरी द्यायला हवी.

रायन चोई. २००६ मध्ये 'अ‍ॅटम' झाला, हाँगकाँगचा तरुण प्राध्यापक, गेल सिमोनने फार लाघवी लिहिला. मूळ अ‍ॅटम रे पामर परतला. २०१० मध्ये रायनला मारून टाकलं. काडेपेटीत घालून मृतदेह सुपूर्द करतात हो! वाचकांनी आरडाओरडा केला, तो पुढे परत आला, पण तो प्रसंग विसरता येत नाही.

वॉली वेस्ट. लाल केसांचा गोरा फ्लॅश, एका पिढीचा लाडका. २०११ च्या नव्या मांडणीत गायब झाला. २०१४ मध्ये त्याच नावाचा कृष्णवर्णीय किशोर आणला. २०१६ मध्ये जुना वॉली परत. आता एका कुटुंबात दोन वॉली वेस्ट! मग खुलासा निघाला की ते चुलतभाऊ, दोघांचं नाव एकाच पणजोबांवरून. संपादकांची सारवासारव म्हणून मला ती आवडते, कारण प्रत्येक घरात असं एक नाव दोनदा ठेवलेलं असतंच.

सॅम विल्सन. १९६९ पासून फाल्कन, २०१४ मध्ये कॅप्टन अमेरिका. दोनेक वर्षांत स्टीव्ह परत तरुण होऊन ढाल घेऊन हजर.

ऱ्होडी. १९८३ मध्ये टोनी स्टार्क, म्हणजे मूळ आयर्न मॅन, दारूत बुडाला तेव्हा चिलखत यानेच घातलं. आणि पुढे वेस्ट कोस्ट अ‍ॅव्हेंजर्समध्ये तो सामील झाला तेव्हा सोबतच्यांना वाटत होतं की आत टोनीच आहे. चिलखत पूर्ण बंद ना! आत कोण ते दिसतच नाही. नायक कृष्णवर्णीय आहे आणि त्याच्या जगालाच ते माहीत नाही, हा योगायोगाने झालेला पण जबरदस्त प्रसंग आहे. त्याचं व्हायला हवं तितकं काही केलं नाही.

अपवाद एकच, जॉन स्टुअर्ट. १९७१ च्या शेवटी 'ग्रीन लँटर्न'च्या ८७ व्या अंकात बदली कामगार म्हणून आला, डेनी ओनील आणि नील अ‍ॅडम्स. पण २००१ च्या 'जस्टिस लीग' कार्टूनमध्ये लँटर्न म्हणून त्यालाच घेतलं. मी ते पाहून वाढलो. माझ्यासाठी ग्रीन लँटर्न म्हणजे जॉन. हॅल जॉर्डन नावाचा कुणी गोरा आधी होता हे कळलं तेव्हा मला तो बदली कामगार वाटला. पेशाने वास्तुरचनाकार असल्याने जॉनच्या अंगठीतून निघणाऱ्या वस्तू आतून बांधून काढलेल्या असतात, नुसता हिरवा आकार नाही. असे तपशील असले की भाडेकरू मालक होतो.

---

तिरपागडा | रविवार, दुपारी २:४०

एक बाळबोध शंका. २००४ मध्ये आपल्याकडचा स्पायडरमॅन आला होता : पवित्र प्रभाकर, मुंबईत. पीटर पार्करचं पवित्र प्रभाकर, मे मावशीची माया, बेनकाकांचे भीमकाका, नॉर्मन ऑस्बॉर्नचा नलिन ओबेरॉय. बारशाला यमक जुळवायला कवी बसवला होता बहुतेक. कोळी चावत नाही, योगी येऊन शक्ती देतो. निळ्या-लाल पोशाखाखाली धोतर.

हा तुमच्या यादीत बसतो का? मुंबईत पवित्र कसला अल्पसंख्य?

---

रिकामी_चौकट | रविवार, दुपारी ४:२६

तिरपागडाजी, शंका बाळबोध नाही, मी धागा काढताना हिलाच टाळलं होतं.

पवित्र अल्पसंख्य नाही. अमेरिकन वाचकाच्या नजरेत मात्र तो तसाच मोजला जातो. मला वाटतं चार अंकांची ती मालिका म्हणूनच हलकी पडली. शरद देवराजन, जीवन कांग या मंडळींनी प्रामाणिकपणे केली होती, पण ते रूपांतर होतं : खांब तेच, कापड नवं. योगी आणि राक्षस आले ते बाहेरच्याला भारत ओळखता यावा म्हणून. तिथल्याच पोराला जी अडचण येईल (इंग्रजी शाळेत खेड्यातून आलेला मुलगा, हे सुरुवातीला आहे आणि छान आहे) ती लवकरच मागे पडते. २०२३ च्या चित्रपटात त्याला वेगळा स्वभाव दिला, तिथे तो दुःखी पीटरची नक्कल नाही, उलट मजेत असलेला पोर आहे. 'चाय टी' म्हणणाऱ्याला तो झापतो तेवढ्या अर्ध्या मिनिटात जुन्या चार अंकांपेक्षा जास्त पवित्र कळतो.

आणि हाच प्रश्न माझ्या लाडक्या कॅल्व्हिन एलिसलाही लागू होतो, हे लिहिताना लक्षात आलं. पृथ्वी-२३ वर बहुतेक मोठे नायक कृष्णवर्णीयच आहेत. वंडर वूमन म्हणजे तिथे न्यूबिया. तिथे तो अल्पसंख्य कुठे? ते जग भेद पुसून टाकतं आणि म्हणून सुंदर दिसतं. पण तिथे आयकॉनच्या कापसाच्या शेतासारखं काही घडू शकत नाही.

माइल्सचं उलट. २०१६ च्या मालिकेत लढाईत त्याचा पोशाख फाटतो, कातडी दिसते, आणि एक मुलगी इंटरनेटवर आनंदाने ओरडते की नवा स्पायडरमॅन आपल्यातला आहे! माइल्स वैतागतो. त्याला 'कृष्णवर्णीय स्पायडरमॅन' व्हायचं नाही, नुसता स्पायडरमॅन व्हायचंय. मला त्या पानावर दोघंही बरोबर वाटतात, ती मुलगीही आणि तोही.

---

शाईचा_डाग | रविवार, संध्याकाळी ५:५०

फसलेलं एक उदाहरण नोंदवून ठेवतो, कारण ते साक्षात स्टॅन लीचं आहे. २००१ मध्ये त्यांनी प्रतिस्पर्ध्याच्या, म्हणजे डीसीच्या नायकांना नव्याने कल्पून लिहिलं. त्यातला बॅटमॅन जो क्युबर्टने काढला, चित्रं उत्तम. हा बॅटमॅन कृष्णवर्णीय : वेन विल्यम्स. वडील पोलीस, मारले गेलेले. पोराला खोट्या गुन्ह्यात अडकवतात, तुरुंगात तो शरीर कमावतो, बाहेर येऊन मुखवटाधारी कुस्तीगीर होतो, त्यातून पैसा. हेतू चांगला होता यात मला शंका नाही. पण बघा : गोरा ब्रूस वारसाहक्काने श्रीमंत, जगभर फिरून विद्या शिकतो. तोच कृष्णवर्णीय झाला की वाट तुरुंगातून आणि आखाड्यातून जाते. लेखकाच्या मनात रंगासोबत न सांगता आणखी काय काय बदललं ते दिसतं. त्याच मालिकेतली वंडर वूमन पेरूची मारिया मेंडोझा, तिच्यावर जिम लीची चित्रं. ती मला त्या मानाने बरी वाटली, निदान तिची लढाई तिच्या गावच्या मातीशी जोडलेली आहे.

वीस वर्षांनी, २०२१ मध्ये, जॉन रिडलीने जेस फॉक्सला बॅटमॅन केलं. ब्रूसचा उद्योग सांभाळणाऱ्या लुशियस फॉक्सचा मुलगा. फॉक्स कुटुंब तोवर गडगंज झालंय. म्हणजे पैशाची बाजू ब्रूससारखीच ठेवली आणि अडचण दुसरीकडे टाकली : मुखवटा घालणारे सगळे गुन्हेगार ठरवणाऱ्या शहरात त्याचंच कुटुंब सत्तेच्या बाजूला बसलंय. हा बदल मला विचार करून केलेला वाटतो.

---

अर्धविराम | रविवार, संध्याकाळी ६:३३

+१. आणि कोण लिहितो हा मुद्दा कुणी 'राजकारण' म्हणून झटकू नये म्हणून मूळ सुपरमॅनच आठवा. १९३८, जेरी सीगल आणि जो शुस्टर, क्लीव्हलंडमधली ज्यू स्थलांतरितांची मुलं. दुसऱ्या ग्रहावरून बोटीऐवजी यानात बसून आलेला, जन्मनाव काल-एल, आणि जगायला घेतलेलं नाव क्लार्क केंट. कॅप्टन अमेरिकाचा सहनिर्माता जॅक कर्बी, त्याचं नाव जेकब कर्ट्झबर्ग, स्टॅन लीचं स्टॅन्ली लीबर. नाव बदलून चारचौघांत मिसळणं हा त्यांच्या ओळखीतल्या घराघरातला अनुभव होता. पहिली आवृत्तीच अल्पसंख्याकांनी लिहिली होती, फक्त चष्मा लावून.

---

जुना_अंक | रविवार, रात्री ९:१५

चौकटताईंच्या पहिल्या प्रश्नाकडे परत येतो, कारण एक जुनी गोष्ट आठवली.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सुपरमॅनच्या अंकात त्याच्या जन्मग्रहाचा, क्रिप्टॉनचा, नकाशा छापला होता. तोवर क्रिप्टॉनवरची सगळी माणसं गोरी. एवढा प्रगत ग्रह आणि कृष्णवर्णीय एकही नाही, हे कसं? तर नकाशात एक बेट दाखवलं, व्हॅथ्लो. शेजारी लिहिलं की इथे अत्यंत प्रगत कृष्णवर्णीय समाज राहतो.

झाला खुलासा. होते ना, सगळे त्या बेटावर होते!

मॉरिसनने पुढे कॅल्व्हिन एलिसचं मूळ याच व्हॅथ्लोत दाखवलं. म्हणजे तुमचा तो राष्ट्राध्यक्ष सुपरमॅन दुहेरी पाहुणा आहे. पृथ्वी वेगळी, आणि क्रिप्टॉनवरही बेट वेगळं.

---

रिकामी_चौकट | रविवार, रात्री ९:४०

ग्रह फुटायच्या आधीपासून ओसरी! हे मला माहीतच नव्हतं. नकाशा शोधते आता.

---

चिमणीची_आई | रविवार, रात्री १०:०२

वाचनखूण साठवली. लेकीला 'ट्रूथ' कितव्या वर्षी द्यावं?

---

जुना_अंक | रविवार, रात्री १०:२०

आधी तुम्ही वाचा, ताई. मग तुम्हीच ठरवाल. मी चौदा-पंधराच्या आत देणार नाही.

---

तिरपागडा | पुढचा शनिवार, सकाळी ११:४८

धागा वर काढतोय, क्षमस्व.

'आयकॉन'चे पहिले अंक वाचले. माझी अपेक्षा काळ्या सुपरमॅनची होती आणि गोष्ट निघाली रॅकेलची. हे तुम्ही कुणी नीट सांगितलं नाहीत, अर्धविराम! पोरगी चोरी करायला येते, पकडली जाते, तो तिला चार शब्द सुनावून सोडून देतो. आणि ती परत येते! चोरीचा माल न्यायला नाही, त्याला पोशाख घालायला सांगायला. दीडशे वर्षं दार लावून बसलेल्या माणसाला.

शेंदराबद्दलचं माझं म्हणणं मी अजून सोडलेलं नाही. पण हा शेंदूर नाही हेही खरं.

मधले काही अंक मिळत नाहीयेत. कुणाकडे आहेत का? रॅकेलला दिवस गेल्याचं कळतं तिथे अडकलोय आणि पुढे ती लढणं चालू ठेवते की नाही ते कुणी सांगू नका.